उजव्या बाजूचा आवाज

४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हा नमस्कार नुसता कागदावरचा नाही, कंबरेतून वाकून केलाय. ही साक्षीला आहे.

स्पीकरची जोडी एकदाची पुरी झाली. दिवसभर लोकांची कपाटं करायची आणि संध्याकाळी ही खोकी तासत बसायचं, असं दीड वर्ष चाललं. ही म्हणते, तेवढ्यात छकुलीला भाऊ झाला असता. या सुट्टीत तळ्याकाठी तंबू ठोकायला जाऊ तेव्हा दोन्ही बरोबर नेणार आहे. गाडीच्या बॅटरीवर चालतात, दुकानात लावून पाहिले. घरात आवाज भिंतींवर आपटून परत येतो, मग त्यातला स्पीकरचा किती आणि भिंतीचा किती, ते समजत नाही. उघड्यावर भिंतच नाही. डावीकडची बासरी डावीकडेच राहणार, उजवीकडचं व्हायोलिन उजवीकडेच. बाबांना बरोबर मधे बसवणार आहे.

खरं सांगू? हे सगळं त्यांच्यासाठीच चाललंय. चाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. रस्त्यातून जाता जाता कुणाच्या खिडकीतला रेडिओ ऐकायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. आणि माझ्या कामाबद्दल दीड वर्षात तोंडातून एकच शब्द निघालाय: छान. छान काय गं? लग्नातला फोटो आहे का तो? मी बोलत असतो आणि ते मधेच उठून चालू लागतात. एका सुताराने त्यांच्या प्रांतात पाऊल टाकलेलं त्यांना रुचत नाही, असं मला वाटायला लागलंय. तुझ्यापाशी कधी काही बोललेत का?

तब्येत सांभाळ, आणि आहे ती माया उणी होऊ देऊ नकोस.
तुझा,
धाकटा

११ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. आणि कंबरेला तेल लाव.

पत्र वॉर्डात वाचलं आणि एकटीच हसले. एका पेशंटबाईंनी विचारलंही, कुणाचं लग्न ठरलं म्हणून. मी म्हटलं, भावाला जुळी झाली, लाकडाची.

बाबांबद्दल मनात असं काही आणू नकोस. तू पहिलं स्टूल केलंस तेव्हा तीन पायांवर डुगडुगणारं ते ध्यान त्यांनी आपल्या रेडिओच्या दुकानात गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलं होतं. हल्ली ते थोडे गप्प असतात एवढंच. वय होतं रे माणसाचं. त्यांच्याशी बोलताना समोर येऊन बोलत जा, पाठीमागून हाका मारू नकोस.

आणि एक ऐक. तळ्यावर छकुलीकडे तुम्ही दोघांनीच लक्ष ठेवा. बाबांच्या भरवशावर तिला पाण्यात सोडू नका. म्हातारा माणूस, डोळा लागतो. उगाच काळजी करते म्हणशील, पण मोठ्या बहिणीला तेवढा हक्क असतोच.

छकुलीला पापा. लोभ ठेव, आणि पत्र लिहायला पुन्हा दीड वर्ष लावू नकोस.
तुझी,
ताई

२९ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

छकुली सुखरूप आहे, हे आधी लिहितो.

दुपारी चारच्या सुमाराला जेवणाची भांडी घासून झाली आणि मी स्पीकर लावले. मधे बारा फुटांचं अंतर, पाठीमागे मातीचा बांध, समोर बाबांची खुर्ची. आवाज मुद्दाम बेताचाच ठेवला. ताई, तसं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. वाजवणारी माणसं गवतात समोर बसली आहेत, असं वाटत होतं. ही पदर खोचून आवरत होती, ती हातातलं टाकून बसली. बाबांनी डोळे मिटले होते. मी विचारलं, तर म्हणाले की दोन्ही बाजू अगदी समसमान येताहेत. मला आभाळ ठेंगणं झालं.

मी सरपण आणायला गेलो. ही तंबूत अंथरुणं घालायला उठली. छकुली बाबांच्या उजव्या हाताला, वीस पावलांवर, घोटाभर पाण्यात खेळत होती. तिथे एकाएकी खोल आहे, ते आम्हाला ठाऊक नव्हतं. पाय घसरला तशी ती आजोबा, आजोबा म्हणून दोनदा ओरडली. मला ते झाडीत ऐकू आलं. हिला तंबूत ऐकू आलं. बाबा मात्र डोळे मिटून बसलेले. हिनेच पाण्यात उडी घेऊन तिला बाहेर ओढलं. पोर गळ्यापर्यंत बुडाली होती, खोकून खोकून निळी पडली.

मग मी नाही नाही ते बोललो. तुमच्या गाण्यापुढे नात बुडाली तरी चालेल तुम्हाला, असं म्हणालो. सगळ्यांसमोर. त्यांनी एकदा छकुलीकडे पाहिलं आणि गाडीत जाऊन बसले.

सामान आवरताना पाहिलं, तर उजव्या स्पीकरची वायर निघालेली. मी बाबांना विचारण्याआधीच कुणाचा तरी पाय लागून निघालेली असणार, कारण विचारतानाच मला उजवीकडून काही येत नाहीसं वाटलं होतं. पण बाबा समसमान म्हणाले म्हणून मी माझ्याच कानांना वेड्यात काढलं. म्हणजे त्यांनी नीट ऐकलंच नव्हतं. पोराची समजूत काढावी तसं बोलले. आता घरात आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

तुझा,
धाकटा

३ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी दोन वर्षं उशिरा लिहिते आहे.

बाबांना उजव्या कानाने काही ऐकू येत नाही. दोन वर्षांपूर्वी डोळे तपासायला म्हणून माझ्याकडे आले होते ना, ते डोळ्यांसाठी नव्हतं. तापानंतर एका सकाळी उठले तर तो कान गेलेला. आमच्याच डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. मी शेजारी उभी होते. आवाज वाजला की बोट वर करायचं असतं. उजव्या कानाच्या वेळी बाबा बोट टेबलावर ठेवून वाट बघत बसले होते. आवाज कधीचा सुरू झाला होता. डावा कानही हळूहळू उतरतोय.

बाहेर आल्यावर त्यांनी माझ्याकडून शपथ घेतली. म्हणाले, पोरगं माझ्या कानासाठी स्पीकर करायचं म्हणतंय. त्याला हे कळलं तर तो ते कुणासाठी करेल? म्हणून ते छान म्हणत राहिले. चूक काढायला त्यांना ऐकूच येत नव्हती, आणि खोटी चूक काढणं त्यांच्या रक्तात नाही. तू बोलत असताना ते उठून गेले, तेव्हा तू त्यांच्या उजव्या बाजूला असणार.

मी परिचारिका आहे. अशा माणसाच्या पाठीमागे मूल खेळायला सोडू नये, हे मला कळतं. तरी तुला मी वय आणि डोळा लागणं असली कारणं दिली. शपथ पाळली आणि छकुलीला पाण्यात लोटलं. तू रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. बाबांकडे मात्र आजच जा. डाव्या बाजूने जा.

लोभ मागायला मला तोंड नाही.
ताई

२६ मे

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

शपथ मोडलीस, बरं केलंस. मीच घालायला नको होती.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी धाकटा माझ्या खोलीत येऊन पायाशी बसला. मीच म्हटलं, तू बोललास त्यातला एक शब्द खोटा नव्हता, ती ओरडत होती आणि मी गाणं ऐकत होतो. तो लहानपणी रडायचा तसा रडला. दुसऱ्या दिवशी छकुलीला मी स्वतः सगळं सांगितलं. तिने माझा कान ओढून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, आत तर काहीच झालेलं दिसत नाही.

परवा पुन्हा तळ्यावर गेलो. या वेळी सूनबाई पाण्यापाशी खुर्ची टाकून बसली, जागची हलली नाही. त्याने मला विचारलं, दोन्ही बाजूंचा आवाज एकत्र करून डावीकडे देऊ का? मी नको म्हटलं. एवढ्या मेहनतीने दोन केलेस, ते एक कशाला करायचे? मग तो माझ्या उजवीकडून उठून डावीकडे आला आणि उजवीकडचं सगळं मला सांगत बसला. आता व्हायोलिन आलं, आता थांबलं, आता खाली उतरलं. निम्मं गाणं मी स्पीकरमधून ऐकलं, निम्मं त्याच्या तोंडून.

मधेच मी खोक्यावर हात ठेवला, तर मागची फळी थरथरत होती. आत एक आडवी पट्टी हवी होती, ती त्याने ठोकलीच नव्हती. तसं म्हटलं, तर हा पठ्ठ्या भांडायला उठला! मीही सोडलं नाही. जेवण गार झालं. सूनबाई म्हणाली, तुम्ही दोघं बोलत नव्हता तेच बरं होतं. घरी आल्यावर त्याने पट्टी ठोकली. मी हात लावून पाहिला. आता छान आहे.

डाव्या कानाचं डॉक्टर म्हणतात, वर्षभर, फार तर दोन. मी घाबरलेलो नाही, पण मला वेळ मोजून वापरायचा आहे. तुझं अक्षर सुरेख आहे, पत्रं मी पुढेही वाचू शकेन. तेव्हा उत्तर लिहू नकोस. रजा काढ, ये, आणि माझ्याशी बोलत बस.

तुझे,
बाबा