आजीला पुणं दाखवलं

माय,

तुझ्या पाया पडते. तुझा लाडका सोनू आणि मी, दोघं भावंडं बरे आहोत. तुझा गुडघा कसा आहे? हे पत्र आजीच्याच पिशवीत टाकतेय. तिला वाचता येत नाही म्हणून खरं लिहिते, तिला पुन्हा पुण्याला पाठवू नको.

काल सुट्टी होती, म्हणून आम्ही दोघांनी तिला शहर दाखवलं. तिने शहर बघितलंच नाही. दिसेल त्याला एकच, "कोन्त्या गावचे जी?" बुधवार पेठेत दुकानदार म्हणाला, "आजी, काही घ्यायचंय, की सोयरीक जुळवायचीये?" आजी म्हणे, "पोरगा हाय का लग्नाचा?"

मेट्रोत तर कहरच. हेडफोन घातलेल्या एका पोरीला हलवून म्हणाली, "हे माही नात. खराडीत कामाले हाय. वर्षभरात कोनाशी बोलली नाही, आता घरी परत येतो म्हनते. तू बोलत जाय तिच्याशी." सोनू खिदळत होता. मी उतरेपर्यंत दाराकडे तोंड करून उभी.

आज कामाला जाताना तीच पोरगी दिसली. मला चढताना बघून तिने शेजारी बॅग ठेवून माझ्यासाठी जागा धरली. शेवटच्या स्टेशनपर्यंत बोललो.

बाबांना एवढ्यात मला न्यायला पाठवू नको. आणि हे आजीला सांगू नको, नाहीतर ती परत येईल.

तुझीच,
प्रियदर्शनी