मलावीचे हापसे आणि आमची कोनशिला

ती. दाजींना,

कुवेतहून बाळासाहेबाचा शिरसाष्टांग नमस्कार. आपला गुडघा कसा आहे? ताईची शुगर? (मी विचारलं की ती "नॉर्मल" म्हणते आणि चहात दोन चमचे साखर घालते, हे तुम्हीच सांगितलंत.) इकडे शामला बरी आहे. अबोलीही बरी आहे. मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देते आणि वर माझंच इंग्रजी सुधारते. पत्र बघून दचकला असाल. फोनच केला असता, पण तुम्ही तो स्पीकरवर टाकता आणि माझी फजिती तुमच्या आधी पारावरच्या मंडळींना कळते. या वेळची फजिती मोठी आहे, आणि तिच्याहून कितीतरी मोठं असं काही मी डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून कागद घेतला.

आमच्या हॉस्पिटलात थोकोझानी नावाच्या हेड नर्स आहेत, आफ्रिकेतल्या मलावी देशाच्या. उंच, सावकाश बोलणाऱ्या. त्या वॉर्डात आल्या की डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढतात. त्यांच्या गावात तीन हापसे आहेत आणि तिन्ही बंद. बायका पाण्याला नदीवर जातात आणि नदीत मगरी आहेत. त्यांच्या मावसबहिणीचा हात मगरीनं नेला. हे त्यांनी मी सलाइनचा पंप दुरुस्त करत असताना इतक्या शांतपणे सांगितलं की माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर गळून पडला. इथली काही घराणी आफ्रिकेतल्या गावांना अनुदान देतात. त्यांतल्या एका घराण्याचे वडीलधारे बू यूसुफ, यांची थोकोझानीबाईंना भेट हवी होती. भेट घालून द्याल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, झालं समजा. (नेमकं काय मागणार, हे मी विचारलंच नाही. पाणी नाही म्हणजे नवा हापसा हवा, त्यात विचारायचं काय?)

बू यूसुफ यांचा कारभार आपले रायगडचे सर्फराजभाई बघतात. इथल्या जलीब वस्तीत एका खोलीत आम्ही दोघं राहायचो तेव्हापासूनची दोस्ती. त्यांनी अर्दियातल्या दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या संध्याकाळच्या बैठकीत, वेळ मिळवून दिली. आता मराठी माणूस मदत मागायला नुसता कसा जाईल? इथल्या आमच्या मराठी मंडळाची तातडीची सभा बसली आणि कार्यक्रम ठरला: दीपप्रज्वलन (सर्फराजभाईंनी हात जोडल्यावर रद्द), पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, आभार, आणि मधे कुठेतरी थोकोझानीबाईंचे दोन शब्द. सूत्रसंचालन अर्थातच माझं. शिवाय मी नव्या हापशासाठी इथल्याच एका फरशीवाल्याकडून संगमरवरी कोनशिला करवून घेतली. वर अरबीत बू यूसुफ यांच्या मातोश्रींचं नाव, खाली अरबीतच बारीक अक्षरात आमची कार्यकारिणी. (सगळ्यांना सामावून घ्यायचं म्हणून फरशी जरा मोठीच घ्यावी लागली. उचलायला चौघं लागले.) शामला म्हणाली, त्या बाईंना एकदा विचारा तरी. मी म्हणालो, त्यांना सरप्राइज आहे.

दाजी, दिवाणिया कसली, आपल्या मंगल कार्यालयाएवढी ती बैठक. भिंतीला लागून गाद्या, मधे गालिचा, पाय ठेवायला भीती वाटावी असा. थोकोझानीबाई आत आल्या तेव्हा ऐंशीच्या पुढचे बू यूसुफ काठी टेकत उठले आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं. मग मी उभा राहिलो. मी बोलायचं आणि सर्फराजभाईंनी अरबी करायचं. माझी पाच वाक्यं झाली की ते एक बोलायचे, त्यावरून अरबी फार आटोपशीर भाषा असावी. शाल झाली. श्रीफळ झालं. (नारळाचं पुढे काय करायचं हे बू यूसुफना कळेना, ते तो मांडीवर घेऊन बसले.) रंगात येऊन मी आभारही आधीच मानून टाकले: आपण जो नवा हापसा देणार आहात त्याबद्दल. म्हातारा खूश झाला, म्हणाला, दिला. सगळी बैठक माशाल्ला म्हणाली. माझा ऊर भरून आला.

आणि थोकोझानीबाई उभ्या राहिल्या. नवा हापसा आम्हाला नको, म्हणाल्या.

सर्फराजभाई माझ्याकडे वळून कुजबुजले, "अवो बाळासाहेब, ह्यां मी कसां सांगू त्यांना?" पण सांगावं लागलं. बाई म्हणाल्या, गावात तीन आहेत. दर वेळी कुणीतरी येतं, नवा खोदतं, फोटो काढतं, जातं. वायसर झिजतो, दांडा तुटतो, आणि तो हापसा मेला. गावातल्या दोघी बायका दुरुस्ती शिकायला तयार आहेत. त्यांना शिकवा आणि सुटे भाग मिळत राहतील असं बघा. मग बू यूसुफकडे वळून त्या म्हणाल्या, "त्यांतला एक तुमच्या वडिलांच्या नावाचा आहे. दगडावरचं नाव वाचूनच मी तुम्हाला शोधत आले."

दाजी, अनुदान मागायला आलेली बाई, तिचं सगळं गाव नदीकाठी जीव मुठीत धरून उभं, आणि मिळालेलं दान ती तोंडावर परत करते आहे! उद्या म्हाताऱ्यानं पाठ फिरवली तर? आणि ती ताठ उभी होती. एवढं धैर्य मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

बू यूसुफ यांनी काठी कोपऱ्यात झाकून ठेवलेल्या आमच्या फरशीकडे रोखली: हे काय? कापड काढावं लागलं. त्यांनी आईचं नाव वाचलं, मग खालची यादी वाचायला घेतली. ती संपेना. ही माणसं कोण, विचारलं. सर्फराजभाईंनी काय सांगितलं देव जाणे, पण म्हातारा हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. पाणी आलं ते मात्र हसणं थांबल्यावरही थांबलं नाही. म्हणाले, वडिलांच्या हापशाचा फोटो माझ्या उशाशी आहे, आणि मला वाटायचं रोज कुणीतरी त्याचं पाणी पितंय. शेजारी बसलेल्या त्यांच्या पुतण्यानं कानाशी लागून सांगितलं की बाकीच्या दोन हापशांवर दुसऱ्या घराण्यांची नावं आहेत. त्यावर म्हातारा सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला: "तिन्ही दुरुस्त होतील. दरवर्षी. आणि त्या दोघी शिकतील."

थोकोझानीबाईंनी फक्त मान लववली. रडलो ते मी. कोणापुढे अधिक नमावं हेच कळेना, मागणारीपुढे की देणाऱ्यापुढे. घरी येऊन शामलाला सांगितलं तर ती म्हणाली, हे तुम्ही भाषण न करताही झालं असतं. असेल.

ताईला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
बाळासाहेब

ता. क. आमच्या वडिलांच्या, आबांच्या नावानं गावच्या वेशीवर कमान बांधायला मी पैसे पाठवलेत, त्यांना अजून हात लावू नका. ताईला वरच्या आळीतल्या बायका जमवायला सांगा आणि गावात काय बंद पडलंय ते विचारा. त्या म्हणतील ते दुरुस्त करा. आबांचं नाव कुठेही नको.

आणखी ता. क. पैसे कुणाचे, हेही सांगू नका. अगदीच कुणी खोदून विचारलं तर सांगा.

शेवटचा ता. क. बायकांनी आपणहून कमानच मागितली, तर मात्र दाजी, त्यांचं मन मोडू नका.