बाराव्या दिवशी गाडी आली

९ मे
आजही गाडी नाही! नववा दिवस. पुरानं रुळाखालचा भराव वाहून नेला, रूळ नुसते लोंबकळताहेत म्हणे. दुकानात दूध नाही, अंडी नाहीत. रस्ता आपल्याकडे आहेच कुठे! आणि व्हर्नाचे दिवस भरत आलेत— चाळिशीतलं पहिलं बाळंतपण. नर्स सकाळी माझ्यावरच ओरडली. "हिल्डा, लेकीचं बीपी बघितलंस? थॉम्पसन शहरातल्या हॉस्पिटलात न्यायला हवं तिला!" विमान मागवलंय. धुकं हटेना.

१० मे
धुकंच.

११ मे
व्हर्ना विचारते, "गाडी सुरू झाली तर तू येशील ना, आई?" म्हटलं, मावशी येईल. तिनं तोंड फिरवलं.

इथेच लिहिते. साठ वर्षांत त्या गाडीत पाय ठेवला नाही मी. सात वर्षांची होते. सरकारच्या हुकमानं दक्षिणेतल्या मिशनच्या निवासी शाळेत न्यायला वस्तीतली अकरा पोरं गोळा केली होती. मी बाबाचा कोट घट्ट धरलेला. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, उचलून पायरीवर ठेवलं आणि चालू लागला. एकदाही वळून बघितलं नाही. तीन वर्षांनी मला घरी सोडलं, तेव्हा बाबा गेलेला होता. विचारणार कुणाला?

१२ मे
शिटी!! अख्खी वस्ती रुळांकडे पळाली. व्हर्नाचे पाय सुजून बुटात मावेनात. मावशी नेमकी जाळी काढायला तळ्यावर. नर्स म्हणाली, "तू चढ, हिल्डा. आत्ता!" चढले. डोळे मिटून चढले!

नव्या भरावावर गाडी मुंगीच्या पावलानं चालली. पोरं पत्ते कुटत होती. कुणीतरी मूस हरणाचं सुकं मांस वाटलं. वाटेत जंगलात एका बाईनं हात केला, गाडी थांबली, ती तिच्या होडीसकट चढली. सगळे हसले— मीसुद्धा! व्हर्ना माझ्या खांद्यावर झोपली. बाहेर नुसती झाडं. काही झालं नाही मला.

१३ मे
मुलगी! दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाली, "अजून एक दिवस गेला असता तर..." पुढचं मी ऐकलंच नाही. जिन्यात बसून पोटभर रडले. मग सपाटून भूक लागली.

१९ मे
परतीची गाडी. शेजारी एक म्हातारा, जोसाया— पंच्याऐंशीचा, तरुणपणी आपल्या वस्तीत रुळांवर कामाला होता. मला निरखत राहिला. "तू एनोकची पोर ना? दोन हिवाळे तुझा बाप दक्षिणेकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीला यायचा. मरेपर्यंत. आम्ही म्हणायचो, अरे, पोरांना एवढ्यात सोडत नाहीत, घरी जा, गारठशील. तर म्हणायचा— 'आणि सोडलं तर? तिला उतरवून घ्यायला कुणी नको?'"