तिने सावध राहावे

घोटी,
१२ सप्टेंबर २०२४

चि. निकितास छायाआत्याचे भरभरून आशीर्वाद.

परीक्षा कशी झाली ते कळवलं नाहीस, म्हणजे बरी गेली असावी. नापास होणारी मुलंच घाईने पत्र लिहितात, असा माझा शाळेतला अनुभव आहे. फोन मात्र करू नकोस. कानातलं मशीन फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं, आणि तुझं बोलणं माझ्याआधी शेजारणीला कळतं.

काल यादव पोस्टमन रजिस्टर घेऊन आला. नाशिकच्या वकिलाची नोटीस. वर लिहिलंय ‘कॅव्हेट’. अर्जदार सोमनाथ धोंडीराम, म्हणजे तुझे बाबा, आणि सामनेवाली मी. मखमलाबादच्या मळ्यावर मी दावा लावण्याचा संभव आहे, असं त्यात म्हटलंय. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आमचे वडील गेल्यावर सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं, एवढंच मला ठाऊक. त्या मळ्यातून शेवंतीच्या वेणीपलीकडे मी कधी काही आणलं नाही.

टायपिंगची चूक असेल. तू कायदा शिकतेस, आणि तुमचे एक म्हातारे सर हौसेने लॅटिन शिकवतात असं मागे लिहिलं होतंस. तर या शब्दाचा नीट अर्थ कळव. सोमाला विचारू नकोस, उगाच त्याला वाईट वाटेल.

माया आहेच, तू जेवणाची आबाळ करू नकोस.

छायाआत्या

पुणे,
२१ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास निकिताचा वाकून नमस्कार.

आत्या, चूक नाही. उद्या कोणी माझ्याविरुद्ध कोर्टात गेलं, तर माझं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, अशी आधीच देऊन ठेवलेली वर्दी म्हणजे कॅव्हेट. तिची मुदत नव्वद दिवसांची.

सरांना विचारलं. ते म्हणाले, हे मुळात क्रियापद आहे. कवेओ म्हणजे मी सावध राहतो. कवेआत म्हणजे त्याने किंवा तिने सावध राहावे. विध्यर्थ. तू सुट्टीत माझ्याकडून विभक्त्या घोकून घ्यायचीस, म्हणून पुढचं तुला पटकन कळेल. या क्रियापदाबरोबर पंचमी आली की अर्थ होतो अमक्यापासून सावध राहणं. चतुर्थी आली की अमक्यासाठी सावध राहणं, म्हणजे त्याला सांभाळणं. आपलं ‘जपणं’ नाही का, तसंच. मी विचारलं, कोर्टातल्या या शब्दाला कोणती विभक्ती धरायची? सर म्हणाले, तिथे तो एकटाच उभा असतो, ज्याने त्याने आपापली लावून घ्यायची.

तू नको म्हणालीस तरी बाबांना फोन केला. ते म्हणाले, की ताईच्या मनात काय नाय, पण घोटीचे लोक तिच्या कानाशी लागतील. मळ्याचे प्लॉट पडायचे आहेत, वकीलसाहेब म्हणाले सगळेच असं करतात. मी म्हटलं, आधी तिला विचारायचं तरी. त्यावर म्हणाले, की विचारलं तर ती सावध झाली असती.

रागावू नकोस, असं लिहायला माझा हात धजत नाही.

तुझीच,
निकिता

घोटी,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

तुझी चतुर्थी मी महिनाभर उराशी धरून होते. म्हटलं, धाकटा भाऊ आहे, बोलायला येत नसेल.

भाऊबीजेला मखमलाबादला गेले. तुझ्या आईने, कलाबाईने, ओट्यावर पाट मांडला, चहा दिला. सोमा मागच्या वाफ्यात शेवंती खुडत होता. कलाबाईने तीन हाका मारल्या. तिसऱ्या हाकेला तो ताठ उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं आणि तिथेच थांबला. मग कलाबाईच खालच्या मानेने म्हणाली, की वकिलाने सांगितलंय, सामनेवाल्याशी समोरासमोर बोलायचं नाय. मी ओवाळणीचं ताट पाटावर ठेवलं. शेवटच्या एसटीपर्यंत बसले. तो वाफ्यातून बाहेर आला नाही.

काल नाशिकला जाऊन हक्कसोडपत्रावर सही करून दिली. निरोप मीच धाडला होता. सोमा ऑफिसात दुसऱ्या बाकावर बसला होता. आता माझ्या हाती काहीच उरलं नाही, म्हणजे त्याला माझी भीती उरणार नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन जाईन म्हणते.

तू मन लावून शीक, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

छायाआत्या

पुणे,
१८ डिसेंबर २०२४

ती. आत्यास नमस्कार.

हे पत्र मिळेपर्यंत दुसरी नोटीस तुझ्या हातात असेल.

मी रविवारी घरी गेले होते. तुझ्या सहीने बाबांची झोपच उडाली आहे. ते म्हणाले, की बाई एका शब्दाने भांडली नाय, फुकट सही देऊन गेली, म्हणजे यात नक्की काहीतरी डाव हे. वकिलाने भर घातली, की उद्या ती म्हणेल सही फसवून घेतली. पहिली मुदत संपली म्हणून पुन्हा कॅव्हेट लावलं. मला म्हणाले, तू शिकलेली आहेस, कागद वाचून बघ.

वाचला. त्यात अर्जदार दोन आहेत. दुसरी मी.

मागच्या महिन्यात बाबा पुण्याला आले होते. कॉलेजचे कागद म्हणाले. कँटीनमध्ये बसून मी दहा ठिकाणी सह्या केल्या आणि एकही वाचला नाही. कायद्याच्या चौथ्या वर्षाला आहे मी. अर्धा मळा माझ्या नावावर झालाय. मी भांडले, रडले. बाबा म्हणाले, की तुझ्यासाठीच केलं, तुलाच जपतोय.

आत्या, ते खरं बोलत होते. तेच सहन होत नाही.

मी तुझ्याविरुद्ध नाही. एवढं तरी मानशील ना?

निकिता

घोटी,
३ जानेवारी २०२५

कु. निकिता सोमनाथ हिस,

पत्र पोचलं. नोटीसही पोचली.

इथल्या एका वकिलांना दाखवली. ते म्हणाले, की आता त्या घरात कोणालाही काही लेखी देऊ नका, प्रेमाचंसुद्धा नको, कोर्टात कशाचाही अर्थ काढतात. म्हणून हे पत्र मी दोनदा लिहिलं. पहिल्यात पुष्कळ मजकूर होता. तो फाडला.

संक्रांतीला येणार नाही. तूही इकडे येऊ नकोस.

प्रकृती ठीक आहे. थंडी आहे.

कळावे.

छाया