श्वासाची जागा

लिसांद्रो,

काल पायसांदूला तुझ्या बेकरीत आले ती पाव घ्यायला नव्हे, हे तू ओळखलंसच. माझी रचना मोंतेविदेओच्या वाद्यवृंदाने अखेर वाजवली, हे तुला तोंडाने सांगायचं होतं. ती तुझ्या ओबोसाठीच लिहिली होती. आपण दोघांनी बसवलीही होती. मग अपघातात तुझे पुढचे दात गेले, ओबो ओठांत धरून फुंकता येईना, तो सुटला, तू शहर सोडलंस, आणि मी तुला अडवलं नाही.

तू कडू येर्बा चहाचा पेला पुढे केलास. "रेडिओवर ऐकलं मी, नेली. ओबोवरचा पोरगा वाजवतो झकास, पण वरच्या सुरावर चढण्याआधी श्वासच घेत नाही. एवढी सुंदर जागा, गाढवाने खाऊन टाकली!"

"अरे, तरुण आहे, घाई असते," मी म्हणाले. तेवढ्यात तुझी बायको पिठाच्या हातांनी बाहेर आली, तिने मला गरम पाव बांधून दिले, आणि आपण तिघंही हसलो.

त्या पोराला नावं ठेवू नकोस. त्याने कागदावर होतं तसंच वाजवलं. ती जागा फक्त तुझ्या छातीसाठी होती. तुझ्या लग्नाची बातमी आली, तेव्हा मी ती जागा खोडून टाकली. तुला ती अजून पाठ असेल, असं मला वाटलंच नव्हतं.

नेली