पेन्सिलीतला खर्च

१ मार्च, रविवार

आजपासून हिशेब. कडक.

काल वाण्याच्या दुकानात माझं कार्ड नाकारलं गेलं. मागे रांग. रांगेत समोरच्या इमारतीतली शिट्टी. (श्वास घेताना नाक वाजतं, म्हणून हे नाव. मीच ठेवलं आहे.) वाणी म्हणाला, आजी, राहू द्या, उद्या द्या. एकतीस वर्षं शाळेत सुपरवायझर होते मी. मला कुणी ‘उद्या द्या’ म्हणत नसे. मीच म्हणायचे, आत्ता द्या.

शिट्टीनं बातमी पोचवली असणार. आज सकाळी चिरंजीव सपत्नीक हजर. म्हणाले, आई, या महिन्यात कार्ड पुन्हा एकदा जरी नाकारलं गेलं तर ते माझ्याकडे राहील. दर रविवारी पाकिटातून रोख पैसे आणून देईन.

पॉकेटमनी! ज्याच्या शर्टाला मी नाक पुसायचा रुमाल टाचून देत होते, तो मला पॉकेटमनी देणार! सूनबाई भिंतीकडे बघत होत्या. आमच्या भिंतीवर बघण्यासारखं काहीही नाही.

मंजूर, म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर्सच्या हाताखाली शिकलेली मुलगी आव्हानाला पाठ दाखवत नाही.

२ मार्च, सोमवार

काल पेन्शन आली, आज जुनी ठेव मोडली. खात्यात एकसष्ट हजार. पैकी अठ्ठेचाळीस हजार ताईच्या कानाच्या मशीनचे. त्यांना हात लावायचा नाही. मशीनवर सवलत आहे, ती ३१ तारखेपर्यंतच. ३१ ची अपॉइंटमेंट घेतली. उरले तेरा. दोन म्हाताऱ्यांना तेरा हजार म्हणजे राजेशाही.

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. सहा वर्षांपासून जवळजवळ ठार बहिरी. मागच्या महिन्यात गल्लीत रिव्हर्स येणारी व्हॅन तिला ऐकू आली नाही. भाजीवाल्यानं दंड धरून ओढलं, म्हणून वाचली. घरी येऊन एवढंच म्हणाली, बेबी, पिशवी फाटली गं. तेव्हापासून खाली उतरलेली नाही. खिडकीत बसते.

माझी कॉन्व्हेंटची फी ताईच्या शिवणयंत्रावर भरली गेली. ती स्वतः सातवीतच थांबली. हे इथे लिहिण्याची गरज नव्हती. लिहिलं.

पद्धत ठरली. कार्डानं दिलेले पैसे दुकानदाराला पोचायला दिवसच्या दिवस लागतात. तोवर ते कुठे असतात? माझ्याकडे! म्हणून कार्डाचा खर्च आधी पेन्सिलीत लिहायचा. बँकेनं पैसे खरोखर कापले की शाईत. आमच्या शाळेत चौथीपर्यंत पेन्सिल, पाचवीपासून शाई. सिस्टर म्हणायच्या, पेन्सिलीतलं काही खरं नसतं. बेरीज फक्त शाईची धरायची.

इतकी सोपी गोष्ट चिरंजीवांना सुचली नाही. इंजिनीअर आहेत.

४ मार्च, बुधवार

वाणी, दोन हजार तीनशे. पेन्सिल. कार्ड त्याच्या नाकासमोर धरलं आणि यंत्रातून चिठ्ठी बाहेर येईपर्यंत त्याच्याकडे रोखून बघत राहिले. तो म्हणाला, झालं आजी. ते मलाही दिसत होतं.

दुपारी फोनवर खातं पाहिलं. एकसष्ट हजार. एक पैसाही हललेला नाही. पद्धत चालते.

७ मार्च, शनिवार

ताईची गादी इतकी बसली आहे की सकाळी तिला त्यातून उपसून काढावं लागतं. नवी घेतली. नऊ हजार दोनशे. महाग आहे, पण पाठ काय रोज मिळते? पेन्सिल.

ताईला गादीची किंमत सांगितली. ताईला सांगायचं म्हणजे अख्ख्या मजल्याला सांगायचं. समोरच्या खिडकीतून शिट्टीनं मान डोलावली. तिलाही महाग वाटली.

९ मार्च, सोमवार

दरोडा! फोनवर खात्याच्या वरच्या ओळीत एकसष्ट हजार, पण खालच्या ‘अव्हेलेबल’च्या ओळीत एकोणपन्नास हजार पाचशे. तडक बँकेत गेले. काउंटरवर टाय लावलेली मुलगी. म्हणाली, आजी, पैसे गेलेले नाहीत, होल्डवर आहेत. पेंडिंग. दुकानानं मागितले की जातील. म्हटलं, आधी मॅडम म्हण. दुसरं, गेलेले नाहीत तर आहेत. ‘अव्हेलेबल’चा अर्थ मी मुलींना तीन पिढ्या शिकवला आहे. ती म्हणाली, मॅडम, तुम्ही खर्च केलात त्याच दिवशी मनातून वजा करत जा ना. किती सोपं! मनातून वजा! मनात काय कॅशियर बसवलाय?

घरी येऊन शाखाधिकाऱ्यांना तक्रारीचं पत्र लिहिलं. दीड पान. इंग्रजीत. दोन सेमिकोलन वापरले. आता हलतील.

१२ मार्च, गुरुवार

हलले!! दोन्ही ओळींत अठ्ठावन्न हजार सातशे. यापुढे फक्त वरचीच ओळ बघायची. वाण्याचे गेले (शाई). गादीचे परत आले. पत्राचा परिणाम. पेंडिंगच्या यादीत गादीचं नावही उरलेलं नाही. एक तर बँक लाजली, नाही तर गादीवाला.

गादीची पेन्सिलीतली ओळ खोडरबरानं स्वच्छ पुसली. गादी मात्र घरात आहे. याला म्हणतात इंग्रजीचा दरारा.

ताईला ऐकू येत नाही याचा एकच फायदा. मनातलं मोठ्यानं बोलता येतं. चहा ओतताना रोजच्याप्रमाणे म्हटलं, म्हातारे, घरातले चमचे जातात कुठे, खातेस की काय? ताई गोड हसली.

१४ मार्च, शनिवार

गादी फुकटात पडल्यामुळे हात मोकळा. जाड पडदे घेतले, चार हजार सहाशे. चैन नव्हे. ताईशी बोललेलं समोरच्या इमारतीत ऐकू जातं, निदान दिसायला तरी नको. न्हाणीघराचा नळ महिनाभर गळत होता, तोही बदलून घेतला. प्लंबरकडेही कार्डाचं यंत्र! अठराशे. दोन्ही पेन्सिल.

१९ मार्च, गुरुवार

चिरंजीवांचा फोन. शिल्लक किती? अठ्ठावन्न हजार सातशे, म्हटलं. मग सूनबाईंचा आवाज: आई, या महिन्यात खर्च किती झाला? म्हटलं, शाईत दोन हजार तीनशे. चिरंजीव म्हणाले, एकोणीस दिवसांत? आई, जेवताय ना तुम्ही दोघी?

काटकसर रक्तात असावी लागते. त्यांच्या रक्तात ती वडिलांच्या बाजूनं आलेली नाही.

२२ मार्च, रविवार

चिरंजीव येऊन डबे उघडून बघून गेले. तांदूळ होता. नवे पडदेही पाहिले. हे कधी घेतले, असं विचारलं. मी म्हटलं, अजून घेतलेले नाहीत, पेंडिंग आहेत. ते बराच वेळ पडदा हातात धरून उभे होते. थक्क झाले असावेत.

ताईला मशीनबद्दल सांगितलं. ओरडून, मग पाटीवर लिहून. ती म्हणाली, बेबी, नको गं एवढा खर्च, आता ऐकण्यासारखं राहिलंय काय? पण तासाभरानं माझी बाही ओढून विचारलं, मशीन लावलं की मागून येणारी गाडी कळते का?

कळते, म्हणून मान हलवली. मग स्वयंपाकघरात जाऊन पातेली घासली. ती घासलेलीच होती.

२६ मार्च, गुरुवार

बावन्न हजार तीनशे. पडदे आणि नळ गेले. शाई. तरीही अठ्ठेचाळीसच्या वर चार हजार तीनशे! औषधं आणि किराणा घेऊन आले, दोन हजार नऊशे. पेन्सिल. ३१ ला मशीन, १ ला पेन्शन. चिरंजीवांसमोर वही कशी उघडायची याचा सराव केला. सावकाश, एका बोटानं.

२८ मार्च, शनिवार

डोकं काम करत नाही. क्रमानं लिहिते.

गादीवाल्याचा फोन. अत्यंत गोड आवाज. म्हणाला, मॅडम, आमचं कार्डाचं यंत्र बिघडलं होतं. ७ तारखेचे सगळे व्यवहार अडकले होते. आता दुरुस्त झालंय, आज सगळे परत पाठवले. सोमवारी तुमच्या खात्यातून जातील. तुम्हाला तसदी नको म्हणून कळवलं.

म्हटलं, ते प्रकरण मिटलं आहे. मी बँकेला पत्र लिहिलं होतं. तो म्हणाला, कसलं पत्र? म्हटलं, गादी परत घ्या. तो म्हणाला, तीन आठवडे झोपलेली गादी परत कशी घेणार मॅडम? म्हटलं, ताई हलकी आहे. अगदी काडी. तो हसला. मी हसत नव्हते.

बेरीज पेन्सिलीसकट पहिल्यांदाच केली. चाळीस हजार दोनशे. तीनदा केली. तितकेच आले.

चिरंजीवांना सांगावं? छे. सांगितलं तर कार्ड गेलं. नाही सांगितलं तर मशीन गेलं.

संध्याकाळी मार्ग सापडला! आपण गादीवाल्याच्या आधी पोचायचं. सोमवारी सकाळी दवाखाना उघडताच मशीनचे पैसे भरायचे. मग गादीवाला येऊ दे रिकाम्या खात्यावर. त्याचं काय करायचं ते पेन्शन बघेल. अपॉइंटमेंट ३१ वरून ३० ला आणली. पहिला नंबर. शाळेच्या शर्यतीत मी नेहमी दुसरी यायचे, कारण पहिलीचे पाय लांब होते. गादीवाल्याचे पाय मी पाहिले आहेत.

२९ मार्च, रविवार

शिल्लक बावन्न हजार तीनशे. दर अर्ध्या तासानं पाहिली. आहे. बँकांना रविवारी सुट्टी असते ही फार सुसंस्कृत पद्धत आहे.

चिरंजीवांना येऊ नका म्हणून कळवलं. सर्दी आहे म्हटलं. सूनबाईंनी काढा करून पाठवला. प्यायले. खोटं बोलल्याची शिक्षा म्हणून पुरेसा कडू होता.

३० मार्च, सोमवार

ताई महिन्यानं खाली उतरली. माझा दंड दोन्ही हातांनी धरून. टॅक्सीला रोख दिले. दवाखान्याचं कुलूप उघडायच्या आधी आम्ही दारात. शिल्लक पाहायला फोन काढला तर खातं उघडेना. ‘काही वेळाने प्रयत्न करा.’ शुभशकुन मानला. आपल्याला उघडत नाही तर गादीवाल्यालाही उघडत नसेल.

डॉक्टरीणबाईंनी ताईच्या दोन्ही कानांत मशीन बसवलं. बारीक, करड्या रंगाचं. बसवण्याआधीच मला म्हणाल्या होत्या, लावून झालं की पैसे भरून या, तोवर आवाजाची सवय होऊ दे. ताई माझ्यामागून काउंटरपर्यंत आली. वाटेत ती स्वतःच्या चपलांकडे बघत होती. त्या वाजतात हे ती विसरली होती.

कार्ड लावलं. यंत्र दोनदा ओरडलं. ताई दचकली.

काउंटरवरची मुलगी अगदी हळू म्हणाली, मॅडम, बॅलन्स कमी आहे.

ताई म्हणाली, काय कमी आहे म्हणाली गं ती?

सहा वर्षांत ताईनं ऐकलेलं पहिलं वाक्य. म्हटलं, यंत्र खराब आहे, पुन्हा लाव. पुन्हा लावलं. पुन्हा दोनदा. मी मुलीला सांगत होते, हे पैसे आहेत, आत्ता कालपर्यंत होते, मी स्वतः पाहिले आहेत. ताईनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, बेबी, ओरडू नकोस. ऐकू येतंय मला.

आणि दोन्ही मशीनं स्वतःच काढून काउंटरवर ठेवली. नीट, एकाशेजारी एक. जशी दुकानात पसंत न पडलेली बटणं परत ठेवायची, तशी. मुलीनं ती डबीत घातली.

परतताना पायीच आलो. गल्लीच्या तोंडाशी मागून रिक्षानं भोंगा वाजवला. मी दचकले. ताई तशीच चालत राहिली.

दुपारी चार वाजता चिरंजीवांना फोन केला. स्वतःहून. वयोमानानं कारभार पुढच्या पिढीच्या हाती सोपवण्याचा माझा विचार पूर्वीपासूनच होता, असं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, आई, किती कमी पडले?

म्हटलं, आधी ये.

३१ मार्च, मंगळवार

मशीन आलं. सवलतीत. पैसे चिरंजीवांनी भरले. मी पेन्शनमधून फेडणार आहे. ते नको म्हणाले, मी हो म्हटलं, ताई म्हणाली, दोघंही जरा हळू बोला.

कार्ड दिलं. त्यांनी ते पाकिटात माझ्या सूनबाईंच्या फोटोमागे ठेवलं. निदान ओळखीच्या ठिकाणी आहे.

वही मागितली. दिली. ते म्हणाले, गादी कुठे आहे यात? मी खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. कागद तिथे जरा पातळ झाला आहे.

५ एप्रिल, रविवार

पहिलं पाकीट. चिरंजीव म्हणाले, मोजून घे. पोटच्या पोरावर अविश्वास दाखवणं माझ्या शिस्तीत बसत नाही. ते गेल्यावर मोजलं. बरोबर होतं.

ताई सकाळी एकटीच भाजी आणायला जाऊन आली. फाटलेली पिशवी शिवून घेऊन गेली होती. भाजीवाल्याचा आवाज इतका किनरा आहे हे तिला माहीतच नव्हतं म्हणे.

चहा ओतताना सवयीनं तोंडातून गेलं, म्हातारे, चमचे खातेस की काय? ताई म्हणाली, चमचे कधीपासूनचे मोरीच्या खिडकीत आहेत, तूच ठेवलेस. आणि बेबी, सहा वर्षं हेच बोलत होतीस, की आणखी काही?

आणखी काही नाही, म्हटलं.

तरी एकूण पाहता महिना यशस्वीच. पद्धत निर्दोष होती. गादीवाल्याचं यंत्र बिघडलं नसतं तर जगाला दिसलं असतं. या महिन्यात पाकिटातल्या पैशांवर हीच पद्धत थोडी सुधारून

ताई आतल्या खोलीतून म्हणतेय, बेबी, पेन्सिलीनं लिहितेस ना? खरखर ऐकू येतेय. शाईनं लिही.

पेन काढलं. वाळलं आहे. झटकलं, तर तेही तिला ऐकू गेलं.