हडसनचा उजवा दिवा

फिनिक्स, ४ एप्रिल १९९४

ती. इर्माताईस,
धाकट्या ड्वेनचा सा. न. वि. वि.

बर्फ वितळला आणि बाबांचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. आता तरी माझं ऐक. बाबांनी जन्मभर जुन्या गाड्यांचे सुटे भाग विकले, आता पुरे. यार्डातल्या गाड्या यंत्रात चेपून नेणारा माणूस मी ठरवला आहे. करार सोबत आहे, बाबांची सही तेवढी घे. त्या भंगाराला हल्ली कुत्रं विचारत नाही.

इकडची बातमी म्हणजे निवृत्तीचा उद्योग म्हणून मी पन्नास सालची हडसन गाडी घेतली. मागचा उजवा दिवा तेवढा नाही. नक्कल मी लावणार नाही, अस्सलच हवा. त्यासाठी ॲरिझोना पालथं घालतो आहे.

लोभ आहेच, तो गंजू देऊ नकोस.
तुझा ड्वेन

साउथ डकोटा, १२ एप्रिल

चि. ड्वेन यास,
अ. उ. आ.

शाबास रे! काखेत कळसा आणि गावाला वळसा. बापाच्या यार्डात हडसनची रांग उभी आहे. पण नियम ठाऊक आहे ना? गिऱ्हाइकाने आपला पाना आणायचा आणि आपल्या हाताने भाग खोलायचा. परवा एक डॉक्टर हातोडीने आरसा उपटायला लागला, तर बाबांनी त्याला फाटकाबाहेर काढलं.

सही मागितली. म्हणाले, ड्वेनला सांग, त्या यंत्रात आधी मला घाल. मग रुबार्बच्या आंबट देठांचा गोड केक मागून मागून खाल्ला. आम्ही दोघं इथे मजेत आहोत, तू उगाच घाई करू नकोस.

माया आहे, म्हणूनच बोलते.
तुझी इर्मा

फिनिक्स, २५ एप्रिल

ती. इर्माताईस,
सा. न.

दिवा मिळाला! टूसॉनच्या एका दुकानात मखमलीवर ठेवला होता. भंगार भंगार म्हणून बसलो होतो, घरी मागायला तोंड नव्हतं. इकडे आणून उलटा केला, तर आत पिवळ्या रंगात बाबांचं अक्षर. भागांवर ते खुणा करतात तसंच: उजवा, हडसन, ड्वेनसाठी, विकू नये.

ताई, हे काय आहे? तो करार फाडून टाक. यार्ड राहू दे. हे पत्र बाबांना वाचून दाखव.
ड्वेन

साउथ डकोटा, ३ मे

चि. ड्वेन यास,
अ. उ. आ.

चौदाव्या वर्षी तू म्हणाला होतास की हडसनच चालवीन. बाबांनी तेव्हाच तो दिवा काढून स्वयंपाकघराच्या फळीवर ठेवला. गेल्या वर्षी तुझाच हुकूम आला की घरातलं लोखंड आधी काढ. मी फळी रिकामी करून सगळं तुमच्याकडे दक्षिणेत माल विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला दिलं. बाबांनी अडवलं नाही.

तुझं पत्र वाचून दाखवलं. वाटलं, खूश होतील.  त्यांनी एवढंच विचारलं, दुकानातून घेतला का? मी हो म्हटलं. घरी नाही ना मागितला, म्हणाले.  त्यांनी करार मागून घेतला आणि सही केली. मी हातापाया पडले, तू नको म्हणतोस हे दहादा सांगितलं. फोनवर यायलाही तयार नाहीत.

चेपणारा सोमवारी येतो आहे. बाबा म्हणतात, पोराचंच खरं होतं. घरच्याला जे मागावंसं वाटत नाही, ते भंगारच.

तुझ्यावर रागावलेली, तरी तुझीच,
इर्मा